दामदुप्पट

दामदुप्पट म्हणजे थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून जास्त वसूल करता येणार नाही, हा हिंदू धर्मशास्त्रातील कर्जविषयक नियम. याचे मूळ मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सापडते. धान्य, फळे, लोकर आणि ओझ्याची जनावरे यांच्या बाबतीत मात्र तिथे पाचपटीपर्यंत मुभा आहे.

ब्रिटिश अमलात हा नियम टिकला तो मुख्यतः मुंबई उच्च न्यायालयामुळे. १८५५ च्या २८ व्या कायद्याने व्याजाच्या दरावरील मर्यादा उठवली. खतात, म्हणजे कर्जरोख्यात, लिहिला असेल तो दर खरा. मग दामदुप्पटही त्याबरोबर गेली, असे सावकारांच्या बाजूने म्हटले जाणे साहजिक होते. १८६२ मध्ये सुरू झालेल्या या न्यायालयाने पुढच्याच वर्षी ‘धोंडू जगन्नाथ विरुद्ध नारायण रामचंद्र’ या निकालात दामदुप्पट कायम ठेवली. दर किती असावा, याबद्दल हा नियम काही बोलत नाही; साचलेल्या व्याजापैकी एका वेळी किती मागता येईल, एवढेच तो ठरवतो.

हा फरक हिशोबात लगेच दिसतो. दरमहा शेकडा २ रुपयांनी १०० रुपये घेतले आणि ५ वर्षे काहीच फेडले नाही, तर व्याज १२० होते. सावकाराला मात्र १०० च मिळतात. तेच कर्जदाराने दरसाल २४ रुपये नेमाने भरले, तर १० वर्षांत २४० रुपये देऊनही मुद्दल डोक्यावर तसेच राहते आणि नियम आड येत नाही. थोडक्यात, संरक्षण मिळे ते थकवणाऱ्याला. शिवाय थकलेले व्याज मुद्दलात घालून नवे खत करून घेतले, की दुपटीची मोजणी नव्या आकड्यापासून सुरू होई. सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेल्या १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर आलेल्या १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या खटल्यांत खतामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला, तो अशाच खतांमुळे. दावा दाखल झाल्यानंतरच्या व्याजाला दामदुप्पट लागू नव्हती.

मुंबई इलाख्यात मूळ ऋणको, म्हणजे कर्ज घेणारा, हिंदू असला की पुरे. सावकार कोणत्याही धर्माचा चाले. कलकत्ता शहरात दोघेही हिंदू असावे लागत. मद्रासने नियमच मानला नाही. धर्माची ही अट मुंबईत १९४६ च्या सावकारी कायद्याने निरर्थक ठरवली: व्याज मुद्दलाहून अधिक नको, ही मर्यादा त्याने सावकारी कर्जांना सरसकट लावली.