शेर्गिनची विहीर आणि गोठलेल्या मातीतला नायट्रोजन

कोकणात जांभा फोडून विहीर खणणाऱ्याला धास्ती असते ती पाणी लागेल की नाही एवढीच. सायबेरियातील याकुत्स्क येथे फ्योदोर शेर्गिन याने १८२८ मध्ये विहीर खणायला घेतली, ती १८३७ पर्यंत ११६ मीटर खोल गेली, तरी तळाची माती गोठलेलीच निघाली. पाणी लागले नाही. मात्र १८४०च्या दशकात मिडेनडॉर्फ या संशोधकाने तिच्या भिंतींत तापमापक बसवले आणि गोठणीच्या खोलीचा शास्त्रीय अभ्यास तिथून सुरू झाला.

किमान दोन वर्षे सलग शून्य अंशाखाली राहणाऱ्या अशा जमिनीला ‘पर्माफ्रॉस्ट’ हे नाव सायमन म्युलर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दिले. तेव्हाची काळजी धावपट्ट्या आणि इमारती खचण्याची होती. मातीतल्या कार्बनकडे लक्ष फार उशिरा गेले. आपल्याकडे कलमाच्या आळ्यात घातलेला पालापाचोळा पावसाळा सरेपर्यंत कुजून मातीत मिसळतो. टुंड्रात, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या उंच झाडे न वाढणाऱ्या थंड प्रदेशात, मात्र मुळे आणि शेवाळ अर्धवट कुजलेल्या अवस्थेत गोठतात, आणि हजारो वर्षे हेच चालल्याने तिथे प्रचंड साठा झाला आहे. २०१५ मधील अंदाजानुसार तो १,३३० ते १,५८० अब्ज टन, म्हणजे वातावरणातील कार्बनच्या जवळजवळ दुप्पट आहे. वितळलेली माती कोरडी राहिली तर जिवाणू त्याचा कार्बन डायऑक्साइड करतात, आणि भाताच्या खाचरासारखे पाणी तुंबले तर मिथेनही निघतो.



नायट्रोजनची गोष्ट माझ्या मते अधिक बोधप्रद आहे. टुंड्रातील झाडोऱ्याला नायट्रोजन कायम अपुरा पडतो, जो सुटतो तो मुळे लगेच ओढून घेतात, तेव्हा तिथून नायट्रस ऑक्साइड निघण्याजोगे काही उरत नाही, असे गृहीत धरले गेले आणि मोजमापही फारसे झाले नाही. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात, वजनास वजन धरले तर, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. २००९ मध्ये युरोपीय रशियाच्या टुंड्रातील पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या) उघड्या वर्तुळांवर मोजणी झाली, तेव्हा उत्सर्जन उष्ण कटिबंधातील मातीच्या तोडीचे भरले. गोठण्या-वितळण्याच्या घुसळणीने वर आलेल्या त्या काळ्या चकत्यांवर गवताचे पातेही नसते; नायट्रोजन ओढून घ्यायला मुळेच नसल्याने तो जिवाणूंच्या वाट्याला येतो.