मिलवॉकी रोजगार चाचणी (२००१)

नोकरीच्या दारात कातडीचा रंग जास्त नडतो की तुरुंगवासाचा डाग, हे प्रत्यक्ष अर्ज करून तपासणारा, अमेरिकेतील मिलवॉकी शहरात झालेला समाजशास्त्रीय प्रयोग. डेव्हा पेजर (१९७२–२०१८) यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात पीएच.डी. करताना तो केला. निष्कर्ष २००३ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’त प्रसिद्ध झाले.

चार तरुण निवडले गेले, गोऱ्यांची एक जोडी आणि कृष्णवर्णीयांची एक. वय, शिक्षण, अनुभव कागदावर सारखे. प्रत्येक जोडीतला एक जण अमली पदार्थांच्या गुन्ह्यात १८ महिने शिक्षा भोगून आल्याचे सांगे. त्याच्या बायोडेटात तुरुंगात केलेले काम आणि ओळखीसाठी पॅरोल अधिकाऱ्याचे (सुटलेल्या कैद्यावर देखरेख ठेवणाऱ्याचे) नाव असे. ही भूमिका दोघे आलटूनपालटून करीत, म्हणजे एखाद्याच्या बोलक्या स्वभावामुळे निकाल झुकू नये.

एकूण ३५० मालकांकडे अर्ज गेले. डाग नसलेल्या गोऱ्याला ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, डाग असलेल्या गोऱ्याला १७. कृष्णवर्णीयांचे आकडे १४ आणि ५. कोर्टाची पायरीही न चढलेला कृष्णवर्णीय तुरुंगातून सुटलेल्या गोऱ्याची बरोबरी करू शकला नाही. अर्ज हातात घेण्याआधीच ‘गुन्हा आहे का?’ असे कृष्णवर्णीय उमेदवारांना तीनदा विचारले गेले. गोऱ्यांना एकदाही नाही.

पुढे पेजर आणि समाजशास्त्रज्ञ लिंकन क्विलियन यांनी यातल्याच मालकांना फोनवरून विचारले, तेव्हा अशी शिक्षा भोगून आलेल्या उमेदवाराला घेऊ म्हणणारे सुमारे ६२ टक्के निघाले आणि तो गोरा की काळा याने उत्तरात फरक पडला नाही. भेदभाव मोजायचा तर नुसती मते विचारून भागत नाही, हे यातून जितके स्पष्ट झाले तितके क्वचितच कुठे झाले असेल.

एक उणीव मात्र होती. दोन्ही जोड्या एकाच मालकाकडे गेल्या नव्हत्या, त्यामुळे गोऱ्या-काळ्यांची तुलना वेगवेगळ्या मालकांमधली होती. ती २००४ च्या न्यूयॉर्कमधील चाचणीत भरून निघाली. तिथे गोरा, लॅटिनो आणि कृष्णवर्णीय उमेदवार एकाच जागेसाठी गेले, आणि उतरंड तशीच दिसली.

भारतात मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना टपालाने अर्ज पाठवून अशीच तपासणी केली (२००७). इथे उमेदवाराला कोणी पाहिलेच नव्हते, फक्त नाव वाचले होते. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश.