अडतीस की तीनशे सत्तावन्न? घोळ कुठून आला

रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हटलं की स्वतःच्या बचावासाठी .३८ स्पेशल, जास्त ताकद हवी तर .३५७ मॅग्नम आणि अस्वलाच्या जंगलात जायचं असेल तर .४४ (आकडे नळीच्या भोकाचं इंचातलं माप सांगतात असं धरलं जातं), ही उतरंड बहुतेकांना पाठ असते. पण .३८ ची गोळी मोजली तर ती .३५७ इंचच भरते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

हे नाव उरलंय टोपी (बार पेटवणारी छोटी धातूची कॅप) आणि सुट्या दारूच्या जमान्यातून. तेव्हाच्या .३६ रिव्हॉल्व्हरमध्ये साधारण .३७५ इंचाचा शिशाचा गोळा जायचा. पुढे धातूची काडतुसं आली तेव्हा त्याच बंदुका बदलून घेतल्या, मग गोळीही काडतुसाच्या बाहेरच्या मापाचीच ठेवली, फक्त मागची कंबर बारीक करून ती आत बसवायची (.२२ अजूनही अशीच असते). अशा गोळीचं ग्रीस बाहेर राहतं आणि त्याला धूळ चिकटते, म्हणून नंतर अख्खी गोळी काडतुसाच्या आत घेतली. आत मावायला ती बारीक झाली, काडतूस मात्र तेवढंच जाड राहिलं आणि नावही तेच राहिलं. त्यात अजून एक जुनं आखूड अडतीस (.३८ एस अँड डब्ल्यू) आहे, त्याची गोळी थोडी जाड, ते .३८ स्पेशलच्या बंदुकीत नीट चालत नाही, पण जुन्या बंदुकीवर नुसतं ३८ बघून लोक फसतात.

१८९२ साली अमेरिकन लष्कराने घेतलेलं लांब अडतीस (.३८ लाँग कोल्ट) फिलिपिन्समध्ये कमी पडलं, त्यातून लष्कर १९११ पर्यंत .४५ कडे वळलं, ते सगळ्यांना माहितीये. त्याच काळात १८९८ च्या सुमारास .३८ स्पेशल आलं. काडतुसाची लांबी काळ्या दारूच्या हिशोबाने ठेवलेली, आणि बिनधुराची दारू लागते थोडीशीच, म्हणजे आत निम्मी जागा रिकामी. ही रिकामी जागाच पुढच्या सगळ्याचं मूळ.

१९३० मध्ये कुणीतरी ती जागा वापरली. मोठ्या .४४ च्या फ्रेमवर (बंदुकीच्या सांगाड्यावर) जड .३८ रिव्हॉल्व्हर काढलं आणि त्यासाठी जोरदार काडतुसंही आणली, पण बाहेरून ती साध्या .३८ सारखीच, म्हणजे कोणाच्याही जुन्या हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहज बसणार आणि सिलेंडर फुटायची भीती. म्हणून १९३५ ला .३५७ मॅग्नम आणताना काडतूस जेमतेम साडेतीन मिलिमीटर लांब केलं. तेवढ्याने ते .३८ च्या चेंबरमध्ये (सिलेंडरमधल्या काडतूस बसायच्या भोकात) पूर्ण जात नाही, उलट .३८ मात्र .३५७ मध्ये चालतं. काही जण म्हणतात नवं नाव फक्त विकायला दिलं, आणि मॅग्नम हा शब्द खपवायलाच होता हे मान्य, पण लांबीचा निर्णय माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात शहाणा. दाबाची मर्यादाच बघा, .३८ ला १७,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडात मोजलेला दाब), .३५७ ला ३५,०००. एकाच बंदुकीत सरावाला हलकं आणि जंगलात जड, ही सोय तिथूनच आली. (.३८ खूप मारली की चेंबरमध्ये काजळीचं कडं जमतं आणि मग लांब काडतूस अडतं, घासून साफ करावं लागतं.)

१९५५ ला .४४ स्पेशल लांब करून .४४ मॅग्नम केलं, तीच युक्ती, आणि गोळी इथेही खरी .४२९ चीच. अस्वलासाठी लोक हे धरतात कारण तिथे गोळी पसरण्यापेक्षा खोल जायला हवी, म्हणून कडक शिशाची सपाट नाकाची जड गोळी. २००३ ला .५०० आलं, पण दिवसभर कमरेला लावून चालायला ते फार जड.

शहरात उलटा प्रवास झाला. १९५० पासूनची पाच गोळ्यांची छोटी फ्रेम लोकप्रिय झाली, मग २००० च्या आसपास टायटॅनियम आणि स्कँडियमवाल्या फ्रेम आल्या, वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास आणि तरी .३५७ चालणार. हाताला बसणारा धक्का असला की दुसरी गोळी नेमावर यायलाच वेळ लागतो, त्यामुळे बरेच जण .३५७ ची बंदूक घेऊन आत प्लस-पी (नेहमीपेक्षा थोड्या जास्त दाबाची) .३८ च भरतात. २००८ चं .३२७ मॅग्नम त्यावरचाच उपाय, धक्का कमी आणि त्याच आकाराच्या सिलेंडरमध्ये सहावी गोळी. आणि त्या हलक्या .३५७ मध्ये नीट न आवळलेल्या जड गोळ्यांची काडतुसं भरली तर धक्क्याने न उडालेल्या गोळ्या काडतुसातून पुढे सरकतात आणि सिलेंडर अडकतं; उलट फार हलक्या गोळ्यांच्या काडतुसांनी टायटॅनियमचं सिलेंडर लवकर झिजतं, म्हणून काहींच्या नळीवर आता कॅलिबरसोबत १२० ग्रेनपेक्षा (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी नको असंही कोरलेलं असतं.