कॅरव्हॅनमधला जुना टीव्ही बदलताना : ग्राहकांसाठी माहिती

नवा टीव्ही आधी विकत घेऊन मग गाडी आमच्याकडे आणू नका. आधी खण मोजा.

जुना १४ इंची डबा टीव्ही ज्या खणात बसायचा तो जवळपास चौकोनी, साधारण ४० सेंमी रुंद आणि खोल असतो. आजचा २४ इंची एलईडी बाहेरून सुमारे ५५ सेंमी रुंद आणि ३३ सेंमी उंच भरतो. म्हणजे तो खणात जाणार नाही, खणासमोर बसवावा लागेल. आम्ही खणाच्या तोंडावर १८ मिमी वॉटरप्रूफ प्लाय आडवा मारतो आणि त्यावर टीव्ही धरणारा हलणारा हात (ब्रॅकेट) लावतो. प्लायला वर-खाली हवेसाठी फटी ठेवतो आणि सेट-टॉप बॉक्स आणि कन्व्हर्टर (बॅटरीचे व्होल्ट टीव्हीला हवे तितके स्थिर करणारा डबा) मागच्या खणात बसवतो. हाताला लॉकची खीळ असलीच पाहिजे. नसेल तर खड्ड्यातून जाताना टीव्ही झोके घेतो आणि सांधा तुटतो. नटाखाली रबरी वायसर टाका, नट नायलॉकचेच (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने न सुटणारे) वापरा. टीव्हीच्या पाठीमागच्या चार भोकांत लांब स्क्रू पिळू नका. टोक आतल्या पॅनेलला लागलं की स्क्रीन गेलीच.

जुना टीव्ही काढायला दोघं हवेत. सगळा भार पुढच्या काचेकडे असतो. मागचं झाकण घरी उघडू नका, वीज बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये उच्च दाबाची वीज साठून राहते.

आता विजेचं, कारण नवे टीव्ही जळतात ते बहुतेक इथेच. टीव्हीच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय म्हणून बॅटरीची वायर सरळ जोडली जाते. इंजिन चालू असताना मात्र तीच बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत जाते. म्हणून मधे कन्व्हर्टर लागतो: आत ९ ते १८ व्होल्ट, बाहेर स्थिर १२ व्होल्ट, किमान ५ अँपिअर. अडॅप्टरवर १९ व्होल्ट असेल किंवा टीव्ही थेट २३० व्होल्टवर चालत असेल तर हा कन्व्हर्टर चालत नाही, घेण्याआधी लेबल वाचा.

मोठ्या बस-चासीवर बांधलेल्या बहुतेक गाड्यांत २४ व्होल्ट असतात. तिथे दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायची वाईट सवय सर्रास दिसते. त्यात एक बॅटरी अर्धवट चार्ज होते, दुसरी जादा चार्ज होऊन तिचं पाणी आटतं आणि शेवटी दोन्ही बदलाव्या लागतात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर याहून कितीतरी स्वस्त पडतो.

वायर तांब्याची २.५ चौ. मिमी घ्या. बॅटरीपासून टीव्ही ५ मीटरवर असेल तर ३ अँपिअरला पाव व्होल्टच पडतो, ०.७५ ची वायर टाकली तर पाऊण व्होल्ट जातो. फ्यूज बॅटरीजवळच, टीव्हीजवळ नव्हे.

टीव्ही ३० वॅट, सेट-टॉप बॉक्स १२ वॅट धरला तर ताशी साडेतीन अँपिअर-अवर (बॅटरीतली वीज मोजायचं एकक) लागतात. रात्री चार तास पाहिलं तरी १४. पण जुन्या टीव्हीसाठी बॅटरीवरून २३० व्होल्ट करणारा इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी दिवसाला १२ ते २४ अँपिअर-अवर खातो. सकाळी सेल्फ न लागण्याचं खरं कारण बऱ्याचदा हेच असतं. म्हणून इन्व्हर्टर टीव्हीच्या लाइनमधून काढून टाका आणि लाइनला वेगळा स्विच लावा.

डिश गाडी थांबल्यावरच लागते. डीडी फ्री डिशसाठी मराठवाड्यातून तोंड आग्नेयेला करावं लागतं आणि उपग्रह बराच वर असतो, त्यामुळे त्या बाजूला झाड किंवा इमारत जवळ नको. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. जुन्या डीव्हीडीची पिवळी-पांढरी-लाल वायर नव्या टीव्हीत लागेलच असं नाही, टीव्हीच्या मागे बघून घ्या.

एप्रिल-मेमध्ये तुळजापूर किंवा वेरूळला उन्हात उभी केलेली गाडी भट्टी होते. आल्याआल्या टीव्ही लावू नका. दारं उघडा, पंखा फिरवा, थंड झाल्यावर सुरू करा. एलईडी टीव्ही साधारण ४० अंशांपर्यंतच चालण्यासाठी बनवलेले असतात.

येण्याआधी खणाची रुंदी-उंची-खोली, बॅटरी १२ की २४ व्होल्ट आणि बॅटरीपासूनचं अंतर एवढं कळवा. जुना टीव्ही भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. काचेत शिसं असतं आणि २०२२ च्या ई-कचरा नियमांत टीव्ही येतो; अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्या.