तळ्यातल्या मत्स्यपालनासाठी पीएमईजीपी: पुणे जिल्ह्यात अर्ज अडतो तो या कागदांवर

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे नव्या उद्योगाला बँकेच्या कर्जासोबत अनुदान देणाऱ्या पीएमईजीपीत, मत्स्यपालन बसतं. दुग्धव्यवसाय आणि कुक्कुटपालनासोबत त्याला वाट मोकळी झाली आहे. तरीही ‘ही शेती आहे, चालत नाही’ एवढं ऐकून पोरं खिडकीवरूनच माघारी फिरतात. योजनेच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांची छापील प्रत सोबत ठेवा आणि ते पान समोर धरा. ज्यांच्या टेबलावर हा कागद असायला हवा, त्यांनाच तो दाखवावा लागतो, हे चीड आणणारं आहे. पण त्यासाठी तुमचा हंगाम वाया जाऊ देऊ नका.

अर्ज केव्हीआयसीच्या, म्हणजे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या, पोर्टलवर भरायचा. वय १८ पूर्ण हवं. उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर किंवा सेवेचा ५ लाखांच्या वर असेल तर आठवी पास असल्याचा पुरावा लागतो. आधार, पॅन, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला आणि प्रकल्प अहवाल, हे सगळे जोडतात. नवरा-बायकोपैकी एकालाच लाभ मिळतो.

पहिली मोठी ठेच ग्रामीण दाखल्याची. खुल्या गटाला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान आहे; महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे विशेष गटांना २५ आणि ३५. म्हणजे १० लाखांच्या प्रकल्पाला सरळ १ लाखाचा फरक. पंचायतीच्या हद्दीतलं गाव ग्रामीण धरतात. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत गेली. वाघोली, मांजरी बुद्रुक, खडकवासला इथल्या घराघरात ग्रामपंचायतीचे जुने दाखले अजून फाइलीत आहेत. ते जोडले की छाननीत अर्ज परत येतो. फुरसुंगी आणि उरुळी देवाची पालिकेतून बाहेर पडली, पण नगर परिषदेत गेली, त्यामुळे तीही ग्रामीण नाहीत. दाखला तळं ज्या गावात आहे तिथला हवा, तुम्ही राहता तिथला नव्हे.

जमीन सामाईक असेल तर सातबाऱ्यावरच्या प्रत्येक सहहिस्सेदाराचं संमतीपत्र घ्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचंसुद्धा. भाड्याची जमीन असेल तर नोटरी केलेला स्टँप पेपर पुरत नाही. एका वर्षावरचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला लागतो. आणि मंजुरीआधी खोदाई सुरू करू नका, कारण योजना फक्त नव्या प्रकल्पाला आहे. तळं आधीच सरकारी अनुदानातून झालं असेल तर त्याच्या खोदाईचा खर्च पुन्हा अहवालात दाखवू नका. जमिनीची किंमतही प्रकल्पखर्चात धरत नाहीत.

आता पाणी. अहवालात ‘पाण्याचा स्रोत’ अशी एक ओळ असते आणि बहुतेक जण तिथे ‘नदी’ लिहून मोकळे होतात. नदीतून उचलायचं तर जलसंपदा विभागाचा उपसा परवाना लागतो, आणि नेमका तोच कुणाकडे नसतो. वडिलांच्या नावावर जुना असेल तर हेतू आणि मुदत वाचा. विहीर किंवा बोअर असेल तर तिची नोंद सातबाऱ्यावर आली आहे ना, तेही पाहा.

परवाना असला तरी मांजरी, थेऊरपासून खाली मुळा-मुठेचं पाणी थेट तळ्यात घेऊ नका, ही कळकळीची विनंती. शहराचं सांडपाणी त्यात आहे आणि त्यासोबत सिंथेटिक कपड्यांचे धागे, पिशव्यांचे तुकडे, टायरची झीज. पाच मिलिमीटरपेक्षा लहान हे कण पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत दिसत नाहीत. त्या अहवालात सामू (पीएच), विरघळलेला ऑक्सिजन, क्षारता, कठीणता, अमोनिया एवढंच येतं. तोंडाशी ६० नंबरची जाळी लावली तर रानमाशांची अंडी अडतात, बारीक धागे पार होतात. दुसरा इलाज नसेल तर आधी निवळण खड्डा करा आणि पाणी मधल्या थरातून घ्या: जड कण तळाशी बसतात, पॉलिथिन वर तरंगतं. ऑक्सिजन जागेवरच आणि पहाटे मोजा, तेव्हा तो सर्वांत कमी असतो. ५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास हवा. कणांसाठी नमुना द्यायचाच असेल तर काचेच्या बाटलीत द्या. प्लास्टिकच्या बाटलीने नमुनाच खोटा ठरतो.

शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागदही विसरू नका. पाण्याच्या वर उघडा राहिलेला काठ उन्हाने तडकतो, त्याच्या पापड्या सुटून तळ्यात पडतात. कडा चरात पुरा, उघडा भाग मातीने झाका.

प्रकल्प अहवालात माशांच्या जातींची नावं आणि संख्या स्पष्ट लिहा. कटला, रोहू, मृगळ यांची हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं), म्हणजे २० गुंठ्याला १ ते २ हजार. त्याहून फुगवलेलं उत्पन्न बँकेचा अधिकारी लगेच ओळखतो. थाई मांगूर या परदेशी माशावर बंदी आहे. त्याचं कोटेशन जोडलं की अर्ज संपला.

प्रशिक्षणाचा घोळही दरवर्षीचा. मत्स्यपालनाचं तीन-पाच दिवसांचं प्रमाणपत्र उपयोगाचं आहे, पण ते ईडीपी नव्हे. ईडीपी म्हणजे उद्योजकता प्रशिक्षण. ५ लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला ५ दिवस, त्यावर १० दिवस. त्याच्या प्रमाणपत्राशिवाय अनुदानाची मागणी पुढे सरकत नाही.

अनुदान हातात येत नाही, हे घरच्यांनाही आधीच सांगा. १० लाखांच्या प्रकल्पात खुल्या गटाने १ लाख स्वतःचे घालायचे, बाकी ९ लाख बँक देते. अनुदान तुमच्या नावाने ३ वर्षं ठेव म्हणून अडकून राहतं, त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर लागतही नाही. पुढे प्रत्यक्ष पडताळणीला माणूस येतो, तेव्हा तळ्यात पाणी आणि मासे दिसायला हवेत. पुरंदरसारख्या भागात मे महिन्यात तळं आटलेलं असू शकतं. म्हणून बोटुकलीच्या पावत्या, खाद्याची बिलं आणि विक्रीच्या नोंदी पहिल्या दिवसापासून एका वहीत लावा.