हिवाळ्यातील मालगाडी छायाचित्रण, सोलापूर

नोव्हेंबर ते जानेवारी या महिन्यांत सोलापूर परिसरात मालगाड्यांचे फोटो टिपण्याचा छंद. थंड देशांत अशा फोटोंचे आकर्षण बर्फ, उत्तर भारतात दाट धुके. सोलापुरात बर्फाचे नाव नको, आणि धुके पडलेच तर ओढ्याकाठी पातळसे, ऊन चढेपर्यंत टिकणारे. इथली खरी मिळकत म्हणजे तिरपे ऊन.

मे महिन्यात इथे सूर्य थेट डोक्यावर येतो. इंजिनाचे छत तेवढे उजळते आणि वाघिणींच्या (मालडब्यांच्या) बाजू काळ्याठिक्कर पडतात. डिसेंबरअखेरीस तो भर दुपारीही दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो. सोलापूर–होटगी लोहमार्ग ढोबळमानाने आग्नेयेला जातो आणि या दिवसांत सूर्यही आग्नेयेच्या अंगाने उगवतो. त्यामुळे सकाळी होटगीकडे निघालेल्या गाडीच्या तोंडावर ऊन असते, तर होटगीकडून येणारीचे तोंड सावलीत. दुपारनंतर रुळांच्या नैर्ऋत्येला उभे राहावे. नवखा माणूस बहुधा सावली पाहून उभा राहतो आणि तिथेच फसतो.

सोलापूरला रेल्वे १८६० साली आली. मुंबई–चेन्नई मार्गावरच्या या टप्प्यात मालाचा तोटा नाही: फताटेवाडीच्या १,३२० मेगावॅट औष्णिक वीजकेंद्राचा कोळसा, सिमेंटच्या बंद वाघिणी, पाकणीच्या डेपोसाठी इंधनाच्या टाक्या. होटगीला गदगचा फाटा फुटतो. मात्र मालगाडी अमुक वाजता येईल असे कोणी सांगू शकत नाही. एक्सप्रेसला वाट देण्यासाठी ती लूपला (बाजूच्या रुळावर) घेतली, तर मात्र चांदी: जवळच्या रस्त्यावरून डबे जोडणाऱ्या कपलिंगवरचे वंगण, दारांच्या कडांना चिकटलेली सिमेंटची पूड निवांत टिपता येते. धावत्या गाडीला शटर १/१००० सेकंदाच्या आसपास लागते. लांब पल्ल्याची लेन्स असेल तर काम सकाळीच उरकावे. जमीन तापली की झळांमुळे दूरची वाघीण पाण्यात पाहिल्यासारखी थरथरते.

जानेवारीत रुळांलगत मालदांडी ज्वारी पुरुषभर उंच उभी असते. बांधावर बसून फोटो घेतला तर कणसांच्या वर वाघिणींची फक्त वरची कड सरकताना दिसते. (गाडी लांबली, तर हुरडा आहेच.)

ओव्हरहेड तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो, म्हणून पुलावरून कॅमेऱ्याची काठी बाहेर काढू नये. परवानगीशिवाय रुळांवर शिरणे रेल्वे अधिनियम, १९८९च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. शेताचा बांध किंवा सार्वजनिक रस्ता पुरतो.