गुटगुटीत दिसतंय, मग टेस्ट कशाला?

भटकं मांजर घरी आणताना हमखास ऐकू येतं: अंग भरलेलं आहे, डोळे स्वच्छ आहेत, म्हणजे आजार नाही. हा समज चुकीचा आहे. मांजरांचा ल्युकेमिया (रक्ताला आणि प्रतिकारशक्तीला ग्रासणारा आजार) आणि एफआयव्ही (माणसाच्या एचआयव्हीसारखा, प्रतिकारशक्ती खच्ची करणारा आजार) यांचे विषाणू महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, काहीही न दाखवता अंगात राहतात. ल्युकेमिया लाळेतून पसरतो, म्हणजे एका वाटीत खाणं, एकमेकांना चाटणंही पुरतं. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून, त्यामुळे मारामाऱ्या करणाऱ्या बोक्यांत जास्त.

डॉक्टर रक्ताचे दोन-तीन थेंब किटवर टाकतात. साधारण 10 मिनिटांत रेघा उमटतात. पण लागण ताजी असेल तर टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून 2 महिन्यांनी पुन्हा करायची, तोवर घरातल्या मांजरापासून नवं वेगळं ठेवायचं. उलट, 6 महिन्यांखालच्या पिल्लाची एफआयव्ही पॉझिटिव्ह आली तर लगेच हातपाय गाळू नका. आईकडून आलेल्या अँटिबॉडीजही (विषाणूशी लढणारी प्रथिनं) तशी रेघ दाखवतात.

हे दोन्ही माणसाला होत नाहीत, शेजारचे काका काहीही म्हणोत. गजकर्ण मात्र होतो: कानामागे, पंजांवर केस गेलेले गोल चट्टे बघा. आणि मांजर चावलं तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा.